आबांचा डबा: सात माउथपीस आणि एक नको ती आंघोळ

पार्श्वभूमी

घरच्यांना विचारून लिहितोय. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल अशा दोन-चार खुणा बदलल्या आहेत.

पितृपक्ष संपला आणि दसऱ्याची साफसफाई सुरू झाली की इंदुरात माळे रिकामे होतात. अशाच एका सकाळी रामबागेतून एका ताईंचा फोन आला. "आमच्या आबांचा एक डबा सापडलाय. सॅक्सोफोनची तोंडं आहेत म्हणे आत. तुम्हाला त्यातलं कळतं असं कोणीतरी सांगितलं."

मी बँकेत नोकरी करतो. संध्याकाळी अल्टो सॅक्सोफोन वाजवतो, आणि शेजारी त्याबद्दल काही बोलत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा. जुने माउथपीस जमवायचा नाद मात्र बारा वर्षांचा आहे. या गावात असला नाद असणारे आम्ही जेमतेम तिघं-चौघं, म्हणून कुणाच्या माळ्यावर काही निघालं की विचारणा फिरत फिरत आमच्यापर्यंत येते.

आबा फौजी बँडमधले. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलेले, शेवटची नेमणूक महूला. निवृत्तीनंतर इंदुरातच घर केलं आणि पुढची वीसेक वर्षं लग्नसराईत एका बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवला. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या मिरवणुकीत रात्रभर चालत वाजवून पहाटे घरी यायचे आणि आल्या आल्या पोहे मागायचे, असं ताई सांगत होत्या. सॅक्सोफोन त्यांनी हयातीतच त्यांच्या चेल्याला देऊन टाकला. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा मात्र मागे राहिला.

डब्यात काय होतं

जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलेले सात नग.

पहिला पिवळाधमक, धातूचा, टेनरचा. अंगावर 'ऑटो लिंक' आणि 'सुपर टोन मास्टर'. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी सांगतो. ऑटो लिंक मूळचा न्यूयॉर्कचा. पुढे त्याचं काम फ्लोरिडाला हललं, आणि नंतर हे नाव इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावच्या बॅबिट कंपनीकडे आलं. आजही त्या नावाने नवे नग निघतात. जॅझवादक जॉन कोल्ट्रेन धातूचा लिंक वाजवायचा, त्यामुळे जगभरचे टेनरवाले फ्लोरिडाच्या काळातल्या लिंकमागे हात धुऊन लागलेले असतात. नाव तेच, नमुनाही वरवर तोच, पण फ्लोरिडाचा आणि नंतरचा यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो.

दुसरा काळा, एबोनाइटचा, बर्ग लार्सन. ही लंडनची पेढी. बर्गची एक गोष्ट मला फार आवडते. बाकीचे बरेच कारागीर ५, ६, ७ असे आपापले आकडे ठोकतात आणि एकाचा ६ दुसऱ्याच्या ६ शी जुळत नाही. बर्गवर सरळ माप असतं. या नगावर होतं ११०, २ आणि एम. म्हणजे टोकाची फट (टोक आणि माउथपीसवर बसणारी वेताची पातळ पत्ती यांतलं अंतर) इंचाचे ११० हजारांश, आतलं चेंबर, म्हणजे पोकळी, २ नंबरचं (० सगळ्यात धारदार आवाजाचं, ३ सगळ्यात मऊ) आणि पत्तीपासून दूर जाणाऱ्या वळणाची, म्हणजे फेसिंगची, लांबी मध्यम.

तिसरा दुधी पांढऱ्या प्लास्टिकचा अल्टो, ब्रिलहार्टचा टोनालिन. जॅझवादक चार्ली पार्करच्या फोटोंत दिसतो तो पांढरा माउथपीस याच घरातला. याच्या शँकला, म्हणजे सॅक्सोफोनच्या मानेवर चढतो त्या भागाला, केसासारखी बारीक चीर होती. टोनालिनचं हे जुनं दुखणं आहे. मानेवरचा कॉर्क जाड असला आणि माणसाने जोर केला की चीर गेलीच म्हणून समजा.

बाकी चारांत सेल्मरचा सी-स्टार अल्टो, यामाहाचा साधा ४सी आणि दोन बिननावाचे पितळी. ते दोन मेरठचे असणार. जली कोठीतून देशभरच्या बँडवाल्यांना वाद्यं जातात, त्यांच्याबरोबर असे माउथपीसही येतात.

प्रश्न

मी पोचायच्या आधीच एक गोष्ट होऊन गेली होती. ताईंच्या पुण्याच्या भाच्याने लिंकचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. दोन तासांत एकाने वीस हजार देऊ केले. संध्याकाळपर्यंत दुसरा म्हणाला, "फ्लोरिडाचा असेल आणि फेसिंग मूळचं असेल तर पस्तीस. पण उद्यापर्यंत सांगा."

ताईंचं म्हणणं अगदी सरळ होतं. "खरा असेल तर विकते. खोटा असेल तर भंगारात टाकते. तुम्ही फक्त खरा की खोटा ते सांगा."

अडचण अशी की हा प्रश्नच अपुरा होता. खरा-खोटा हे पैशाच्या नाण्याला चालतं. माउथपीसला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: तो कोणी आणि कधी बनवला, आणि त्यानंतर त्याचं काय काय झालं. पहिल्याचं उत्तर कोरलेल्या अक्षरांत सापडतं, दुसऱ्याचं अक्षरांत कधीच सापडत नाही. कारखान्यातून अस्सल निघालेला नग पुढे कोणीतरी कानस मारून पार बदलून टाकतो, आणि अंगावरची अक्षरं तशीच चकाकत राहतात.

पहिली चूक, आणि ती माझी

लिंकबद्दल बोलण्याआधी बर्गबद्दल बोललं पाहिजे, कारण पहिलं नुकसान तिथे झालं.

डबा मी दोन दिवसांसाठी घरी आणला. सगळ्याच नगांवर वर्षानुवर्षांची पांढरट पुटं होती, थुंकीतल्या क्षारांची. रात्री जेवण झाल्यावर बायकोने भांड्यांसाठी पाणी तापवलं होतं. मी टोपात थोडं पाणी घेतलं, साबणाचे दोन थेंब टाकले आणि बर्ग त्यात सोडला. फोन आला म्हणून उठलो. परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील.

स्वयंपाकघरात पाऊल टाकताच वास आला. दिवाळीत सापाची गोळी पेटवल्यावर येतो ना, तसा. पाण्यातून बाहेर काढला तेव्हा काळा बर्ग शेवाळी-तपकिरी झाला होता.

यात गूढ काही नाही. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. नेल्सन गुडइयरने त्याचं पेटंट घेतलं ते १८५१ साली, आणि त्यानंतर क्लॅरिनेट, फाउंटन पेन, कंगवे, सगळ्यांत ते शिरलं. उजेडात वर्षानुवर्षं राहिलं की पृष्ठभागावरचं गंधक हळूहळू बाहेर पडतं. काळा रंग वरवर तसाच दिसतो, पण कातडी आतून तयार झालेली असते. गरम पाणी लागलं की वर्षांचं काम मिनिटांत होतं. हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना मी सांगतही असतो. माउथपीस थंड पाण्यात धुवायचा, क्षार निघत नसतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि काच पुसायच्या मऊ फडक्याने पुसायचा, बस्स.

रंग गेला यापेक्षाही वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. उष्णतेने एबोनाइट किंचित मऊ पडतं आणि पत्ती टेकते ती सपाट बाजू वाकू शकते. ती वाकली की नाही हे कळायला आधीचं माप हवं, आणि मी आधी मोजलंच नव्हतं. नंतर मोजलं तर फट २.८० मिलिमीटर आली. ११० हजारांश म्हणजे २.७९. जुळलं, म्हणून जीव भांड्यात पडला. पण ही निव्वळ नशिबाची कृपा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईंकडे जाऊन सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो आता काळा राहिला नाही एवढंच ना?" मी म्हटलं, जमवणाऱ्यांच्या जगात तेवढ्याचे पैसे कमी होतात. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मोजमाप

लिंकच्या बाबतीत मी घाई केली नाही. पस्तीसवाल्याला ताईंकडून कळवलं की आठ दिवस थांबा. तो कुरकुरला, पण थांबला.

मोजायला काही फार थोर साधनं लागत नाहीत. परदेशी दुकानांत याचा संच मिळतो. माझा संच इंदुरी आहे. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात ते फीलर गेज ऑटोपार्टच्या दुकानातून आणलं, आणि आरसेवाल्याकडून जाड काचेची पट्टी कापून तिची धार घासून घेतली. काचेला एका बाजूने मिलिमीटरच्या खुणा चिकटवल्या. काच पत्तीच्या जागी टेकवायची, टोकाकडून सगळ्यात पातळ पातं आत सरकवायचं आणि ते कुठे अडतं ते वाचायचं. मग त्याहून जाड, मग त्याहून जाड. असे पाच-सहा आकडे घेतले की वळणाचा आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो. डावी कड वेगळी वाचायची, उजवी वेगळी.

लिंकच्या अंगावर ५* ठोकलेलं होतं. लिंकच्या टेनरमध्ये ५* म्हणजे ८५ हजारांश, २.१६ मिलिमीटर. माझं माप आलं २.६७, म्हणजे १०५. हा लिंकच्या हिशेबाने ७* होतो. कारखान्यातल्या हातकामात थोडंफार मागेपुढे होतं, पण वीस हजारांश मागेपुढे होत नाही. कोणीतरी तोंड उघडलं होतं.

आता भिंग घेऊन बसलो. सोन्याचा मुलामा वरच्या भागावर बराच शिल्लक होता, दातांच्या जागेवर मात्र उडालेला. तिथे उडणारच. पण पत्ती टेकते त्या सपाट बाजूवरही तो नव्हता, पितळ उघडं होतं, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते. पत्ती तिथे नुसती बसून असते, ती मुलामा असा खरवडत नाही. त्यात आणखी टोकाची कड जाड झाली होती. कडा घासून तोंड उघडलं की टोकाची पट्टी रुंद होते, ती आतून परत पातळ करावी लागते. इथे ते केलेलं नव्हतं. आणि डाव्या-उजव्या कडांची मापं जुळत नव्हती, डाव्या बाजूचं वळण दीड मिलिमीटर लांब होतं. असा माउथपीस चिरकतो. नवशिक्याच्या हाती दिला तर तो आठवड्यात सॅक्सोफोन सोडेल.

आत बॅफलवर, म्हणजे टोकाच्या मागच्या उतारावर, करड्या रंगाचा एक उंचवटा होता. मला वाटलं मळाचा थर. दात कोरायची काडी घेऊन कोरायला लागलो, मग बर्ग आठवला आणि हात आवरला.

उरला प्रश्न काळाचा. लिंकवेडे लोक शँकवरची कडी मोजतात. दोन कड्यांचा 'डबल रिंग' फ्लोरिडाच्या सुरुवातीचा मानतात. 'यूएसए' ही अक्षरं आहेत की नाहीत ते बघतात, कोरीव अक्षरांचं वळण बघतात, आतल्या भिंती कशा तासल्या आहेत ते बघतात. आपला नग डबल रिंग नव्हता आणि त्यावर 'यूएसए' होतं. चांगल्या उजेडात अकरा फोटो काढले आणि या विषयात माझ्याहून जास्त पावसाळे पाहिलेल्या तिघांना पाठवले. दोघं म्हणाले फ्लोरिडाचा उत्तरार्ध. तिसरा म्हणाला बॅबिटची सुरुवात. तिघंही ठाम. नकली आहे असं मात्र कोणी म्हणालं नाही.

चेला

इथपर्यंत तीन आठवडे गेले होते. पस्तीसवाला दोनदा विचारून गेला. तेव्हा ताई सहज बोलल्या, "आबांच्या चेल्याला विचारायचं का? तो त्यांच्याबरोबर सगळीकडे असायचा."

मी कपाळावर हात मारून घेतला. हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

आबांचे हे चेले, मास्टर, साठीचे. अजून वाजवतात, पण आता बँडमध्ये ठेल्यावर कीबोर्ड असतो, पुढे ढोल, आणि सॅक्सोफोनला पूर्वीसारखं काम राहिलेलं नाही. ते आले, डबा उघडला, लिंक हातात घेतला आणि हसले. "इसको तो उस्ताद ने मेरे सामने घिसा था. टॉर्च मैंने पकड़ी थी."

गोष्ट अशी. कुठल्याशा वरातीत शेजारून दुसरी वरात गेली. त्यांच्याकडे नवाच लाउडस्पीकर होता. आबांचा टेनर बुडाला, आणि नवरदेवाच्या मामाने ते बोलून दाखवलं. त्या रात्री घरी येऊन आबांनी खिडकीची सुटी काच जमिनीवर ठेवली, त्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि लिंक घासायला बसले. तोंड जितकं उघडं तितकी हवा जास्त, आवाज मोठा, आणि ओठांना कष्टही तितकेच. शिवाय लिंकचं चेंबर प्रशस्त आणि गोल असतं, आवाज त्यामुळे रुंद आणि मऊ येतो. बंद खोलीत सुंदर लागतो, पण जेल रोडच्या गर्दीत तो चिरत जात नाही. म्हणून आबांनी बॅफलवर एम-सीलचा उंचवटा केला. आतला रस्ता टोकापाशी अरुंद केला की हवेला जोर येतो आणि आवाजाला धार चढते. मी ज्याला मळ समजून कोरायला निघालो होतो, तो हा उंचवटा.

मग ते वळण एका बाजूला लांब का, हेही कळलं. आबा पत्ती मुद्दाम किंचित तिरकी लावायचे, उजवीकडे केसभर. घासताना हात चुकला होता, तो त्यांनी पत्तीने सावरून घेतला आणि वीस वर्षं तसाच वाजवला.

जाताना मास्टरांनी डब्यातला एक पितळी मेरठी नग उचलला, उलटसुलट करून बघितला. "भैया, ये तो मेरा है. ठीक करने को दिया था उस्ताद को." किती वर्षांपूर्वी ते त्यांना आठवेना. तो त्यांना लगेच दिला.

पर्याय

आता ताईंसमोर चार रस्ते होते, आणि आम्ही ते त्यांच्या ओट्यावर बसून बोललो.

पहिला, काही न बोलता पस्तीसवाल्याला देऊन टाकायचं. त्याने 'मूळ फेसिंग' ही अट घातली होती. आम्हाला कळलंच नाही असं म्हणता आलं असतं. भाच्याचा कल तिकडे होता. ताईंनी एका वाक्यात तो विषय संपवला: "आबांनी घासलाय म्हणून मास्टर सांगून गेलेत, आता कळलं नाही कसं म्हणू?"

दुसरा, तो 'नीट' करून घ्यायचा. परदेशात फेसिंग दुरुस्त करणारे कसबी कारागीर आहेत. कडा समान करून देतील, टोकाची पट्टी पातळ करतील. पण घासून गेलेलं पितळ परत येत नाही. ५* चा ७* झाला आहे तो ७* च राहणार. पाठवायचा खर्च, कस्टम्स आणि वाट पाहणं, एवढं करून किंमत किती वाढेल याची खात्री नाही.

तिसरा रस्ता इंदुरातच होता आणि सगळ्यात मोहाचा होता. सराफ्यातल्या ओळखीच्या कारागिराला भाच्याने लिंक दाखवला. तो म्हणाला, दीड हजार द्या, नवा कोरा करून देतो, सोन्यासारखा चमकेल. चमकला असता यात शंका नाही. पण मुलामा चढवण्याआधी बफ मारतात. फिरत्या चाकावर टोकाची कड गोल झाली असती, अक्षरांच्या कडा बुजल्या असत्या आणि आतला एम-सीलही गेला असता. दागिन्याला जे बरं ते इथे घातक. जुन्या धातूच्या माउथपीसवर नवा मुलामा दिसला की खरेदीदार पहिलं हेच विचारतो की खाली काय लपवलंय. भाच्याला हे पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पूर्ण पटलं असं आजही वाटत नाही.

चौथा, जसा आहे तसा, सगळी हकीकत लिहून विकायचा. नाहीतर विकायचाच नाही.

मी माझ्यापुरता चौथ्याच्या बाजूने होतो, पण ताईंना एक गोष्ट आधी सांगितली. मी स्वतः जमवणारा आहे. बर्ग मला हवा होता, तो हिरवा पडायच्या आधीपासून हवा होता. ज्याला वस्तू हवी आहे त्याने तिची किंमत सांगणं बरोबर नाही. म्हणून सगळ्या नगांचे भाव त्यांनी तिसऱ्या माणसाकडून काढून घ्यावेत असं मीच सुचवलं. फोटो पाठवलेल्या तिघांपैकी एकाने ते करून दिलं.

काय केलं

लिंकसाठी एक पानभर टिपण केलं. ठोकलेला आकडा, मोजलेला आकडा, दोन्ही कडांची मापं. सपाट बाजूवर मुलामा नाही. वादकाने स्वतः फेसिंग बदललं आहे. आत एम-सील आहे, काढलेला नाही, तो काढता येतो. काळाबद्दल दोन मतं आहेत, दोन्ही लिहिली. चार मोठे फोटो, त्यांतला एक थेट टोकाकडून, कारण विकणारे नेमका तोच फोटो देत नाहीत.

एम-सील आम्ही का ठेवला हे विचारलं गेलं, म्हणून सांगतो. घासलेलं परत आणता येत नाही, पण चिकटवलेलं कधीही काढता येतं. जे घेणाऱ्यालाही करता येईल ते विकणाऱ्याने आधी करून ठेवू नये.

पस्तीसवाल्याला टिपण पाठवलं. तो सोळावर आला. सरळ वागला म्हणायला हवं, शब्द फिरवला नाही, अट त्याने आधीच सांगितली होती. वीसवाला तोपर्यंत दुसरीकडे काही घेऊन मोकळा झाला होता. ताईंना सोळा कमी वाटले. मला ठीक वाटले होते, आणि मी घ्या म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

महिनाभराने मुंबईहून एक टेनरवादक रात्रीच्या गाडीने आला. टिपण वाचून आला होता. त्याला ७* च्या आसपासचाच लिंक हवा होता. ५* मिळाला असता तर त्याने स्वतः पैसे देऊन तो उघडून घेतला असता. ताईंच्या पुढच्या खोलीत त्याने वाजवायला सुरुवात केली. पहिल्या पत्तीवर चिरकला, दुसऱ्या पत्तीवर चिरकला. मी त्याला म्हटलं, पत्ती केसभर उजवीकडे घ्या. घेतली. मग जो सूर लागला तो मला शब्दांत धरता येणार नाही. ताई आतून पदराला हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

निष्पत्ती

लिंक चोवीस हजारांना गेला. त्यातले काही पैसे ताईंनी मास्टरांकडच्या टेनरचे पॅड बदलायला दिले. सी-स्टार आणि यामाहा संगीत शिकणाऱ्या एका मुलाला दिले. दुसरा पितळी नग आणि चिरलेला टोनालिन ताईंनी ठेवून घेतले. टोनालिन आता त्यांच्या शोकेसमध्ये लग्नातल्या चांदीच्या अत्तरदाणीशेजारी आहे, आणि आल्यागेल्याला ते काय आहे हे त्या सविस्तर सांगतात.

बर्ग मी घेतला. तिसऱ्या माणसाने दोन भाव दिले होते, काळा असता तर नऊ हजार, आताच्या रंगात साडेपाच. मी नऊ दिले. ताई नको म्हणत होत्या.

आज परत करायचं झालं तर

मास्टरांना पहिल्या दिवशी बोलावेन. जे मला तीन आठवडे गेज आणि भिंग घेऊन अर्धंमुर्धं कळलं, ते त्यांना एका नजरेत माहीत होतं, आणि एम-सीलचं तर मला कधीच कळलं नसतं. तरीही मोजमाप वाया गेलं असं मी म्हणणार नाही. मास्टरांच्या आठवणीवर मुंबईचा माणूस गाडीत बसला नसता, तो बसला आकड्यांवर. पण क्रम उलटा हवा होता.

भाच्याने फोटो टाकायची घाई केली नसती तर बरं झालं असतं. आकडा एकदा कानावर पडला की घरात सगळे त्याच आकड्याशी तुलना करत राहतात. चोवीस मिळाले तेव्हाही भाचा पस्तीसच म्हणत होता.

सोळाला घ्या हा माझा सल्ला चुकीचा होता. मी जमवणाऱ्याच्या डोळ्याने बघत होतो. त्याला न छेडलेली वस्तू हवी असते. वाजवणाऱ्याला काय हवं असतं याचा मी विचारच केला नव्हता, आणि मी स्वतः वाजवतो.

आणि धुण्याआधी मोजायचं. सगळ्यात आधी मोजायचं. माझ्याकडे आता प्रत्येक नगाचं एक कार्ड असतं, आल्या दिवशीच्या मापांचं. बर्गच्या कार्डावर तारीख आंघोळीनंतरची आहे. तो वरच्या खणात ठेवलाय, अंधारात, फडक्यात गुंडाळून. एबोनाइट ओळखायला अंगठ्याने चोळून वास घेतात. याला आता चोळावं लागत नाही, खण उघडला की येतो.